तंत्रिका कोशिकांतील आयनमार्गांचे नियमन व वऱ्हाडातील फवारणीची विषबाधा

तंत्रिका कोशिकेच्या (मज्जापेशीच्या) पटलात बसविलेल्या व ठराविक आयनांनाच (विद्युत् भारित अणूंना) वाट देणाऱ्या प्रथिनांस आयनमार्ग म्हणतात. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम व क्लोराइड हे या मार्गांनी ये-जा करणारे प्रमुख आयन होत. तंत्रिकेतून धावणारा आवेग, स्नायूचे आकुंचन, ग्रंथीचा स्राव आणि हृदयाचा ठेका ही सर्व या मार्गांच्या उघडझापीची फळे आहेत. मार्ग उघडण्याची आज्ञा दोन रीतींनी पोहोचते. पहिल्या रीतीत रासायनिक संदेशद्रव्य मार्गाच्या प्रथिनावरच येऊन बसते आणि मार्ग तत्क्षणी उघडतो. दुसऱ्या रीतीत ते द्रव्य एका निराळ्या ग्राही प्रथिनास चिकटते. हे ग्राही पटलाच्या आतील अंगास असलेल्या संकेतवाहक प्रथिनांना जागृत करते आणि मग ती प्रथिने मार्ग उघडतात वा मिटतात.

हा भेद केवळ शरीरक्रियाविज्ञानाच्या अभ्यासकांपुरता नाही. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशिम या वऱ्हाडातील कापसाच्या जिल्ह्यांत फवारणी करताना विषबाधा झालेल्या मजुराच्या शरीरात दोन्ही रीतींचे नियमन एकाच वेळी बिघडते. त्यांपैकी दुसऱ्या रीतीच्या बिघाडावर जुने, स्वस्त व खात्रीचे औषध आहे. पहिल्या रीतीच्या बिघाडावर तसे औषध नाही. असे का व्हावे, हे कळण्यास सुमारे शंभर वर्षांचे संशोधन लागले. त्या संशोधनाचा आणि वऱ्हाडातील फवारणीचा इतिहास येथे एकत्र पाहावयाचा आहे.

कापूस व फवारणी : पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीत शतकानुशतके गावरान कापूस होत असे. या जातींचा धागा आखूड असला, तरी मावा, तुडतुडे इ. रस शोषणाऱ्या किडींस त्या बऱ्याच अंशी दाद देत नसत. १९७० मध्ये सुरत येथून प्रसृत झालेल्या एच-४ या संकरित वाणानंतर पिकाचे रूप पालटले. १९६९ मध्ये अकोला येथे स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठानेही (पुढे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ) संकरित वाण दिले. उत्पन्न वाढले, परंतु या वाणांची कोवळी, लुसलुशीत पाने व भरगच्च बोंडे किडींनाही तितकीच मानवली आणि पाठीवरचा फवारणी पंप हे शेतीचे नित्याचे अवजार बनले. वऱ्हाडात या विषारी द्रव्यांना सरसकट ‘औषध’ म्हणतात आणि ती ‘मारली’ जातात. या एका शब्दामुळे धोक्याची जाणीव किती बोथट झाली असेल, याचा विचार भाषेच्या अभ्यासकांनीही करण्यासारखा आहे.

प्रारंभी डीडीटी व त्याच्या वर्गातील क्लोरीनयुक्त द्रव्ये वापरात होती. त्यानंतर फॉस्फरसयुक्त कार्बनी द्रव्ये (ऑर्गॅनोफॉस्फेटे) आली. मोनोक्रोटोफॉस, क्विनॉलफॉस, क्लोरपायरीफॉस, ॲसिफेट व प्रोफेनोफॉस ही त्यांतील परिचित नावे. यांच्या विषारीपणाचा देशाला पहिला मोठा धक्का बसला तो कापसाच्या शेतात नव्हे. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑनने दूषित झालेले धान्य खाल्ल्याने शंभरावर माणसे दगावली. त्या दुर्घटनेनंतर सुरू झालेल्या विचारातून १९६८ चा कीटकनाशक अधिनियम आला. डब्यावरील लाल, पिवळा, निळा व हिरवा त्रिकोण ही विषारीपणाची चढती-उतरती खूण या अधिनियमाखालील नियमांनी ठरविली. लाल त्रिकोण अतिविषारी द्रव्यांचा असून मोनोक्रोटोफॉस त्यातच मोडत असे.

दोन हृदये व एक द्रव : ही द्रव्ये शरीरात नेमके काय करतात, हे समजण्यासाठी ऑस्ट्रियातील ग्रात्स या शहराकडे वळावे लागते. तेथे १९२१ मध्ये ओटो लव्ही (१८७३–१९६१) यांनी बेडकाची दोन हृदये क्षारद्रवात धडधडती ठेवली. पहिल्या हृदयास जोडलेली प्राणेशा तंत्रिका विजेने चेतविताच त्याचा ठेका मंदावला. त्या हृदयातील द्रव काढून त्यांनी दुसऱ्या हृदयात घातला. दुसऱ्यास कोणतीही तंत्रिका जोडलेली नव्हती, तरीही तेही मंदावले. म्हणजे तंत्रिकेच्या टोकाकडून हृदयाला पोहोचली ती वीज नसून एक द्रव्य होते. प्रयोगाची कल्पना आपणास स्वप्नात सुचली, असे लव्ही सांगत. ही कथा पाठ्यपुस्तकांत प्रयोगापेक्षाही अधिक गाजली आहे. ते द्रव्य म्हणजे ॲसिटिलकोलीन होय, हे पुढे सिद्ध झाले. इंग्लंडमध्ये हेन्री डेल (१८७५–१९६८) यांनी त्याच द्रव्याचे गुणधर्म १९१४ मध्येच तपासले होते. दोघांना १९३६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. दोन वर्षांनी ऑस्ट्रिया जर्मनीच्या ताब्यात गेल्यावर लव्हींना अटक झाली आणि पारितोषिकाची रक्कम नाझी राजवटीच्या हवाली केल्यावरच त्यांना देश सोडता आला.

लव्ही व त्यांचे सहकारी नाव्ह्रातिल यांनी १९२६ मध्ये आणखी एक गोष्ट दाखविली व वऱ्हाडच्या संदर्भात तीच अधिक महत्त्वाची आहे. ॲसिटिलकोलीन फार वेळ टिकत नाही. शरीरातील एक एंझाइम त्याचे तुकडे करते. आफ्रिकेतील कॅलाबार नावाच्या शेंगेतील फायसोस्टिग्मीन हे विष या एंझाइमास निकामी करते व मग ॲसिटिलकोलीनचा परिणाम लांबतो. या एंझाइमास ॲसिटिलकोलीन एस्टरेज असे नाव मिळाले. त्याचा एक रेणू दर सेकंदाला ॲसिटिलकोलीनचे हजारो रेणू फोडतो. तंत्रिका व स्नायू यांच्यामधील सांध्यावर प्रत्येक संदेशानंतर पाटी पुसून कोरी करण्याचे काम हे एंझाइम अखंड करीत असते.

जर्मनीत लेव्हरकूझेन येथील रासायनिक उद्योगात गेरहार्ट श्राडर (१९०३–९०) हे नवी कीटकनाशके शोधत होते. १९३६ च्या अखेरीस त्यांनी एक फॉस्फरसयुक्त संयुग तयार केले. त्याचा अल्पांश हवेतून शरीरात जाताच श्राडर व त्यांच्या साहाय्यकाच्या डोळ्यांतील बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आकसल्या, दिसेनासे झाले आणि श्वास कोंडू लागला. या संयुगाचे पुढे ‘टॅबून’ नावाचे युद्धविष झाले. त्याच घराण्यातून पॅराथिऑन (१९४४) व नंतरची शेतीतील कीटकनाशके निघाली. श्राडरना झालेला त्रास आणि आज अकोट वा दर्यापूरच्या शिवारात दिवसभर फवारणी करून संध्याकाळी ‘डोळ्यांपुढे अंधारी येते’ म्हणणाऱ्या मजुराचा त्रास यांचे कारण एकच आहे. ही संयुगे एस्टरेजाच्या कार्यस्थानी असलेल्या सेरीन या ॲमिनो अम्लाशी जोडली जातात आणि एंझाइम बंद पडते. फवारणाऱ्याने विष पिण्याची गरज नसते. घामाने भिजलेली त्वचा, उघडे पाय, पंपातून गळून पाठीवर ओघळणारा द्रव आणि तुषारांचा श्वास एवढे पुरेसे होते.

एक द्रव्य, दोन ग्राही : साठलेले ॲसिटिलकोलीन सर्वत्र सारखाच परिणाम करीत नाही. डेल यांनी १९१४ मध्येच त्याच्या परिणामांचे दोन वर्ग पाडले होते. एक वर्ग छत्रकातील मस्करीन या विषासारखा : हृदय मंदावणे, लाळ व घाम सुटणे, आतडी आवळणे. दुसरा तंबाखूतील निकोटिनासारखा : ऐच्छिक स्नायू व तंत्रिका-गुच्छिका चेतविणे. त्यावरून ग्राहींना मस्करिनी व निकोटिनी अशी नावे पडली. पहिल्या वर्गाचे परिणाम ॲट्रोपीन या वनस्पतिज द्रव्याने थांबतात, दुसऱ्याचे थांबत नाहीत, हेही तेव्हा ठाऊक होते. किंबहुना ॲट्रोपीन हा फायसोस्टिग्मिनाचा उतारा आहे, हे एडिंबरो येथील टॉमस फ्रेझर यांनी १८७० च्या सुमारासच प्राण्यांवर दाखविले होते. कारण मात्र कोणास सांगता येत नव्हते. औषध आधी आणि त्याचे स्पष्टीकरण शंभर वर्षांनी, असा प्रकार वैद्यकात वारंवार दिसतो.

निकोटिनी ग्राहीचा उलगडा आधी झाला. अ‍ॅलन हॉजकिन व अँड्र्यू हक्स्ली यांनी १९५२ मध्ये माखली वर्गातील स्क्विड या सागरी प्राण्याच्या जाड तंत्रिकेवर प्रयोग करून आवेग म्हणजे आधी सोडियमाचा आत व मग पोटॅशियमाचा बाहेर जाणारा प्रवाह होय, हे गणिती अचूकतेने मांडले. बर्नार्ड कॅट्झ (१९११–२००३) यांनी स्नायूवरील सांध्याचा अभ्यास केला. एर्विन नेहर व बर्ट झाकमान यांनी १९७६ मध्ये अतिसूक्ष्म टोकाची काचनळी बेडकाच्या स्नायुतंतूला चिकटवून एकाच मार्गातून जाणारा प्रवाह मोजला. तो मार्ग निकोटिनी ग्राहीचाच होता. ग्राही आणि मार्ग या दोन वस्तू नसून पाच उपघटकांचे मिळून बनलेले ते एकच प्रथिन आहे. ॲसिटिलकोलीनचे दोन रेणू त्यावर बसले की मधले भोक उघडते, सोडियम आत शिरते आणि स्नायू आकुंचन पावतो. मार्ग उघडण्यास एका सेकंदाचा हजारावा भागही पुरतो. मध्ये कोणी मध्यस्थ नाही.

मस्करिनी ग्राहीची गोष्ट निराळी होती. प्राणेशा तंत्रिका चेतविल्यावर हृदयाच्या कोशिकांतून पोटॅशियम अधिक वेगाने बाहेर पडते व त्यामुळे ठेका मंदावतो, हे १९५० नंतरच्या दशकात स्पष्ट झाले होते. परंतु येथे परिणाम दिसण्यास निकोटिनी ग्राहीपेक्षा कितीतरी अधिक वेळ लागे. हा विलंब कोठून येतो?

उत्तराचा एक धागा यकृताच्या अभ्यासातून आला. अर्ल सदरलंड (१९१५–७४) यांनी १९५० नंतरच्या दशकात दाखविले की, काही संप्रेरके कोशिकेत न शिरता पटलावरूनच आत चक्रीय एएमपी नावाचा दुसरा संदेशवाहक निर्माण करवितात. एडविन क्रेब्ज व एडमंड फिशर यांनी एका प्रथिनाने दुसऱ्यास फॉस्फेट गट जोडून त्याचे कार्य पालटण्याची क्रिया शोधली. मार्टिन रॉडबेल (१९२५–९८) यांनी ग्राही व एंझाइम यांच्यामध्ये एक तिसरे प्रथिन असले पाहिजे आणि त्यास जीटीपी या संयुगाची गरज असते, असे प्रतिपादिले. अल्फ्रेड गिलमन (१९४१–२०१५) व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये ते शुद्ध केले. त्यास जी-प्रथिन म्हणतात. विश्रांतीच्या स्थितीत त्याचे आल्फा, बीटा व गॅमा हे तीन घटक एकत्र असतात. ग्राही जागृत झाले की आल्फा सुटतो आणि बीटा-गॅमा ही जोडी वेगळी होते.

हे सर्व तंत्रिकांस लागू पडते काय, याविषयी प्रारंभी शंका होती. जपानमध्ये सोएजिमा व नोमा यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग साधा पण निर्णायक होता. सशाच्या हृदयातील कोशिकेस त्यांनी काचनळी चिकटविली. ॲसिटिलकोलीन नळीच्या आत असले की नळीखालच्या पटलातील पोटॅशियम मार्ग उघडत. तेच द्रव्य नळीबाहेर, उरलेल्या कोशिकेवर घातले तर ते मार्ग स्वस्थ राहत. म्हणजे आज्ञा घेऊन जाणारे द्रव्य कोशिकेच्या पोटात सर्वत्र पसरणारे नव्हते. ते पटलाला धरूनच सरकत होते. पुढच्याच वर्षी दोन स्वतंत्र गटांनी ते जी-प्रथिन असल्याचे दाखविले. जीटीपी नसेल तर मार्ग उघडत नसत आणि डांग्या खोकल्याच्या जंतूचे विष, जे ठराविक जी-प्रथिनांस निकामी करते, ते दिल्यासही उघडत नसत.

त्यानंतर वाद पेटला तो घटकांवरून. १९८७ मध्ये डेव्हिड क्लॅपहॅम व सहकाऱ्यांनी मार्ग उघडणारी बीटा-गॅमा जोडी होय, असे प्रसिद्ध केले. जी-प्रथिनाचे कर्तृत्व आल्फा घटकाकडेच असते, अशी त्या काळची ठाम समजूत असल्याने अनेकांनी ते अमान्य केले आणि दुसऱ्या प्रयोगशाळांनी आल्फाच्या बाजूने पुरावे आणले. वादात काही वर्षे गेली. १९९३ मध्ये या मार्गाच्या जनुकाची ओळख पटल्यावर तो इतर कोशिकांत घालून तपासता आला व निकाल बीटा-गॅमाच्या बाजूने लागला. २०१३ मध्ये मार्ग व ही जोडी यांच्या संयुक्त स्फटिकाची रचनाही रॉडरिक मॅकिनन यांच्या प्रयोगशाळेने प्रसिद्ध केली. लव्हींच्या दुसऱ्या बेडकाचे हृदय का मंदावले, याचे रेणूंच्या पातळीवरील उत्तर अशा रीतीने नऊ दशकांनी पूर्ण झाले.

तंत्रिका कोशिकांत असे नियमन सर्वत्र आढळते. बीटा-गॅमा जोडी तंत्रिकेच्या टोकांवरील कॅल्शियम मार्ग रोखून संदेशद्रव्याचे सुटणे कमी करते, हे १९९६ मध्ये दिसून आले. सागरी गोगलगायीत सेरोटोनीन हे द्रव्य प्रथिन-कायनेजाच्या द्वारे पोटॅशियम मार्ग मिटविते, हे एरिक कँडेल व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखविले व स्मरणाच्या अभ्यासाला त्याने पाया मिळाला. हृदयातील कॅल्शियम मार्गाची कथा तर सावधगिरी शिकविणारी आहे : ॲड्रिनलिनाच्या प्रभावाने फॉस्फेट गट मार्गालाच जोडला जातो, असे कित्येक दशके गृहीत होते, २०२० मध्ये तो गट रॅड नावाच्या शेजारच्या, मार्गास दाबून धरणाऱ्या प्रथिनास जोडला जातो, असे निष्पन्न झाले.

विषबाधेतील दोन वाटा : आता फवारणीच्या रुग्णाकडे पाहता लक्षणांची यादी एका सूत्रात येते. नाडी मंद होते, कारण हृदयातील मस्करिनी ग्राही जी-प्रथिनाच्या मार्फत पोटॅशियम मार्ग उघडे ठेवते. लाळ गळते, घाम सुटतो व श्वासनलिकांत फेस दाटतो. येथे दुसऱ्या जातीचे जी-प्रथिन पटलातील एका मेदद्रव्याचे तुकडे करविते, त्यामुळे कोशिकेत कॅल्शियम वाढते आणि त्या कॅल्शियमाने क्लोराइड मार्ग उघडतात. क्लोराइडामागून पाणी बाहेर येते. या क्लोराइड मार्गाचे प्रथिन २००८ मध्ये तीन प्रयोगशाळांनी एकाच सुमारास ओळखले. मेंदूतील व गुच्छिकांतील कोशिकांत हेच मेदद्रव्य खर्ची पडल्यामुळे एक विशिष्ट पोटॅशियम मार्ग मिटतो. या मार्गाचा प्रवाह कोशिकेस शांत ठेवणारा असतो. त्याचा शोध १९८० मध्ये लागला होता. मेदद्रव्याशी असलेला त्याचा संबंध २००२ मध्ये स्पष्ट झाला. हा लगाम सुटल्याने कोशिका अधिक चेतनक्षम होते आणि रुग्णाची अस्वस्थता व झटके यांस त्याचाही हातभार लागत असावा.

या सर्व वाटा मस्करिनी ग्राहीपासून सुरू होतात. ॲट्रोपीन नेमके त्या ग्राहीवर बसून ॲसिटिलकोलीनला जागा नाकारते. परिणामी जी-प्रथिने निवतात, हृदयातील पोटॅशियम मार्ग मिटतात, ग्रंथींतील क्लोराइड मार्ग मिटतात. म्हणून फुप्फुसांतील घरघर थांबेपर्यंत व नाडी पुरेशी जलद होईपर्यंत ॲट्रोपिनाच्या मात्रा थोड्या थोड्या वेळाने दुप्पट करीत जाण्याची पद्धत आहे. (वऱ्हाडात बांधाबांधावर उगवणाऱ्या धोतऱ्यात याच घराण्यातील द्रव्ये असतात, मात्र त्यांचे प्रमाण प्रत्येक झाडागणिक बदलत असल्याने धोतरा हा उतारा म्हणून देणे घातक ठरते.)

दुसरी वाट मध्यपटलावरील व बरगड्यांमधील स्नायूंची. तेथे निकोटिनी ग्राही आहेत, जी-प्रथिन नाही. साठलेल्या ॲसिटिलकोलीनमुळे प्रथम स्नायू जागोजागी फुरफुरतात. मग ग्राही सतत चेतविले गेल्याने बधिर होतात आणि स्नायू लुळे पडतात. ॲट्रोपीन येथे निरुपयोगी असते. १९८७ मध्ये श्रीलंकेतील सेनानायके व करल्लियाड्डे यांनी असे रुग्ण नोंदविले की, ज्यांची पहिली लक्षणे ओसरल्यावर एक ते चार दिवसांनी अकस्मात मान उचलता येईना व श्वास थांबू लागला. लाळ आटली, नाडी सुधारली म्हणून निर्धास्त होण्यातला धोका यावरून ध्यानात येतो. या अवस्थेत यंत्राने श्वास चालू ठेवणे हाच उपचार. त्यामुळे तेल्हारा वा धारणीच्या रुग्णाचे भवितव्य बऱ्याच अंशी श्वासयंत्र असलेली खाट किती अंतरावर आहे, यावर ठरते. प्राथमिक आरोग्य केंद्रात ॲट्रोपीन मिळते. तेवढ्याने विषबाधेचा अर्धाच भाग आवरला जातो, हे जाणून रुग्णास वेळीच पुढे पाठविणे अत्यावश्यक आहे.

बंद पडलेले एंझाइम पुन्हा चालू करण्याचा मार्ग अर्विन विल्सन यांनी १९५५ मध्ये दाखविला. प्रॅलिडॉक्सिम (व्यवहारात ‘पॅम’) हे द्रव्य सेरिनाला चिकटलेला फॉस्फरसाचा गट ओढून काढते. तत्त्वतः याने दोन्ही वाटा मोकळ्या व्हाव्यात. पण काही वेळाने हा गट असा घट्ट बसतो की मग तो निघत नाही. क्लोरपायरीफॉससारख्या द्रव्यांत यास दिवसाहून अधिक अवधी लागतो, मोनोक्रोटोफॉसच्या गटात अवघे काही तास, तर प्रोफेनोफॉसने बाधित एंझाइमावर पॅमचा प्रभाव जवळजवळ पडत नाही. बारामती येथे २०० रुग्णांवर झालेल्या व २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पॅमची मोठी मात्रा सतत शिरेतून दिल्याने मृत्यू कमी झाल्याचे दिसले. श्रीलंकेतील २००९ च्या चाचणीत मात्र लाभ आढळला नाही. रुग्ण किती लवकर आला व त्याच्या शरीरात कोणते द्रव्य गेले, यांतील फरक या विसंगतीमागे असावा. मजुराने रिकामी बाटली बरोबर आणण्याचा आग्रह डॉक्टर का धरतात, तेही यावरून समजते.

२०१७ चा हंगाम : १९८० नंतर वऱ्हाडात सायपरमेथ्रीन, फेनव्हॅलरेट इ. पायरेथ्रॉइडे आली. शेवंतीवर्गीय पायरेथ्रम फुलांतील द्रव्याच्या धर्तीवर ती बनविली आहेत. डीडीटीप्रमाणेच ती सोडियम मार्गावर बसतात व त्यास मिटू देत नाहीत, त्यामुळे कीटकाची तंत्रिका एकाच आवेगाऐवजी आवेगांची माळ सोडीत राहते. काही वर्षांतच हिरवी बोंडअळी त्यांना दाद देईनाशी झाली; १९८७ च्या हंगामात आंध्र प्रदेशात याचा मोठा फटका बसला. घरमाशीत सोडियम मार्गाच्या प्रथिनातील एकच ॲमिनो अम्ल बदलल्याने पायरेथ्रॉइड निष्प्रभ ठरते, हे १९९६ मध्ये सिद्ध झाले. नागपूर येथील केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने (स्थापना १९७६) बोंडअळीच्या अशा प्रतिकारशक्तीचा दीर्घकाळ मागोवा घेतला आहे. शेतकऱ्याने यावर जो उपाय केला तो स्वाभाविक होता : मात्रा वाढविणे व दोन द्रव्ये एकत्र करणे.

२००२ मध्ये बीटी कापसास परवानगी मिळाल्यावर बोंडअळीसाठीच्या फवारण्या घटल्या. परंतु गुलाबी बोंडअळीने पुढे बीटी वाणांवरही मात केली आणि रस शोषणाऱ्या किडी वाढल्या. २०१७ च्या पावसाळ्यात पऱ्हाटी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती. दाट ओळींतून चालताना तुषार थेट चेहऱ्यावर येत; अधिक दाबाचे पंपही वापरात आले होते. जुलै ते ऑक्टोबर या काळात यवतमाळ जिल्ह्यात सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मरण पावले आणि शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतूनही बाधा व मृत्यू नोंदले गेले. राज्य शासनाने विशेष तपास पथक नेमले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये वऱ्हाडच्या पाचही जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांची विक्री साठ दिवसांसाठी थांबविली.

ही पाच द्रव्ये म्हणजे आयनमार्गांचा जणू पाठच आहे. मोनोक्रोटोफॉस व ॲसिफेट एस्टरेज बंद पाडून दोन्ही वाटा बिघडवितात. फिप्रोनील व इमिडाक्लोप्रिड यांच्या मिश्रणातील पहिले द्रव्य तंत्रिकेस शांत करणारे क्लोराइड मार्ग अडविते, तर दुसरे निकोटिनी ग्राहीस चिकटते. कीटकाच्या ग्राहीशी ते जसे घट्ट जुळते तसे माणसाच्या ग्राहीशी जुळत नाही, एवढाच दिलासा. प्रोफेनोफॉस व सायपरमेथ्रीन यांचे मिश्रण अधिक विचार करण्यासारखे आहे. सायपरमेथ्रीन सस्तन प्राण्यांत कमी घातक ठरते, याचे एक कारण शरीरातील एस्टरेज वर्गातील एंझाइमे त्याचे झटपट विघटन करतात हे होय, आणि प्रोफेनोफॉस नेमकी तीच एंझाइमे निकामी करते. पाचवे, डायफेंथियुरॉन, तंत्रिकेवर नव्हे तर कोशिकेतील ऊर्जानिर्मितीवर आघात करते व त्यावर ॲट्रोपीन चालत नाही. मजुराच्या शरीरात यांतील दोन-तीन द्रव्ये एकत्र गेली असली, तर ‘फवारणीची विषबाधा’ या एका नावाखाली डॉक्टरापुढे प्रत्यक्षात निरनिराळे रोग उभे असतात.

साठ दिवसांची मुदत संपल्यावर प्रश्न पुन्हा केंद्राच्या यंत्रणेकडे गेला. मोनोक्रोटोफॉसचा वापर भाजीपाल्यावर पूर्वीच निषिद्ध होता. त्याचे ३६ टक्के तीव्रतेचे द्रावण टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश २०२३ मध्ये निघाला. प्रोफेनोफॉसच्या बाबतीत या आदेशाने काही बदलले नाही.

रुग्ण बरा होऊन घरी गेला तरी त्याचे एस्टरेज लगेच पूर्वपदावर येत नाही. कायमचे निकामी झालेले एंझाइम दुरुस्त होत नाही. शरीरास ते नव्याने तयार करावे लागते. रक्तातील तांबड्या कोशिकांमध्ये मोजले जाणारे हे एंझाइम दर दिवशी साधारण एक टक्का इतक्याच गतीने भरून येते. ऑगस्टच्या अखेरीस ते निम्म्यावर आले असेल, तर पूर्ववत् होण्यास ऑक्टोबरचा मध्य उजाडतो. दरम्यान कापसावर आणखी दोन-तीन फवारण्या होऊन गेलेल्या असतात.